मरघटावरचा ढाबा

पिपरटोला,
९ नोव्हेंबर २०२४

दुर्गेश,

हे पत्र केशोराव दूधवाल्याच्या हाती देते आहे. सकाळी तुझ्या ढाब्यावर दूध टाकायला येईल तेव्हा देईल. तू माझा फोन उचलत नव्हतास, आता तर नंबरच बंद करून टाकलास. तुझ्या ढाब्याची पाटी माझ्या अंगणवाडीच्या ओट्यावरून मला वाचता येते आणि तेवढ्या अंतरावरच्या सख्ख्या भावाला पत्र लिहावं लागतं. याची लाज मला वाटत नाही, तुला वाटली पाहिजे. मी तिथे येणार नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्या कुंपणाची तक्रार घेऊन तहसीलला गेले होते आणि तू चार माणसांसमोर मला वेडी म्हणालास, त्या दिवशी सांगितलं होतं की या ढाब्यात पाय ठेवणार नाही. तो शब्द अजून मोडलेला नाही.

लखन काका गेले. तू मातीला आला नाहीस. आलास म्हणावं तर कुंपणाच्या पलीकडून आलास. आम्ही मरघटात उभे आणि तू गल्ल्यावर बसून आमच्याकडे बघतोस, हे मी पाहिलं. मधे चार तारा. चुलत्याच्या मातीला पुतण्या गल्ल्यावरून हजर राहतो हे आपल्या टोल्याने, सगळ्या वस्तीने, पहिल्यांदाच पाहिलं.

तुला तिथून वास आला असेल की नाही, माहीत नाही. तुझ्याकडे फोडणीचा असतो. म्हणून सविस्तर सांगते, आणि जेवणाआधी वाच.

पोरांनी काकांसाठी आधी बाभळीजवळ खड्डा घेतला. कंबरेइतकं गेले नाहीत तोच मांडीची हाडं वर आली. माती लोटून दुसरीकडे घेतला. तिथे कवटी आली, सोबत काचेच्या बांगड्यांचे तुकडे. कोणाची आई, कोणाची बायको, कोणालाच सांगता येईना. तिसरा नाल्याच्या अंगाला घेतला आणि तिथे कुदळ कापडात अडकली. बाजारात मिळतं ना, वाघाचं चित्र असलेलं नायलॉनचं ब्लँकेट, ते. ते कुजत नाही. आतला माणूस मागच्या उन्हाळ्यातला होता आणि तोही अजून धड मातीला मिळाला नव्हता. ओढताना ब्लँकेट फाटलं.

मग जो वास सुटला त्याला मी काय नाव देऊ? पोरं कुदळी टाकून पळाली. दोघं नाल्याच्या काठी बसून ओकले. काका खाटेवर उन्हात एकटे, तोंडावर माश्या, आणि त्यांच्याजवळ मी आणि निर्मलाबाई पदर नाकाला लावून. तेवढ्यात तुझ्या ढाब्यावरचं ते पांढरं कुत्रं तारेखालून आलं, उपसलेल्या मातीतून काहीतरी तोंडात धरलं आणि परत तारेखालून तुझ्या भटारखान्याकडे गेलं. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला त्या कुत्र्यापेक्षा त्या वळलेल्या मानांची जास्त शिसारी आली.

मग पंच बसले. जागा संपली आहे हे बोलायला कोणाला एवढी वर्षं तोंड नव्हतं, ते त्या वासाने उघडलं. अर्धा मरघट हायवे रुंद झाला तेव्हा गेला. उरलेल्यातला अर्धा तू तारेत घेतलास. नवीन जागेचा अर्ज केला तर उत्तर आलं की टोल्याभोवतीची सगळी पडीक जमीन कागदावर झुडपी जंगल आहे, मुडदे पुरायला देता येत नाही. तुझा ढाबा त्याच झुडपी जंगलात उभा आहे, पण मुडद्यांना दाल तडका करता येत नाही ना, म्हणून त्यांना जागा नाही.

आता एकावर एक पुरायचं, हे ठरलं. पण कोणावर कोण? आपल्यात सारखेच देव पुजणाऱ्या घरांत सोयरीक होत नाही, ती बहीण-भावाची नाती. मग मेल्यावर कोणाच्याही हाडांवर कोणालाही कसं निजवायचं? यावर दुपारपर्यंत भांडण. काका तोपर्यंत उन्हातच. शेवटी भुपेंद्र मामा म्हणाले, "नवरा-बायको एका खड्ड्यात. जिते असतानी एका खाटेवर निजले, आता कायची लाज?" आणि लोक हसले. त्या वासात, त्या माणसासमोर, हसले. काकांना काकीच्या खड्ड्यात ठेवलं. काकी तिथेच निघाली, तिचा दगड तरी जागेवर होता. तिची हाडं जरा एका बाजूला सरकवली, एवढंच.

घरी येऊन मायला सांगितलं. तिला बरं वाटलं रे. "चांगलं झालं," म्हणाली, "मंजे मले तुज्या बाच्या खड्ड्यात ठेवतीन. माजी जागा होऊन गेली." तिचे पाय सुजून खांबासारखे झाले आहेत, डॉक्टरने हृदयाचं सांगितलं आहे. पण त्या रात्री ती पोटभर जेवली. पाय चालतात तोवर एकदा जागा दाखव म्हणते. तू मुलगा आहेस म्हणून कळवलं.

चंचल


पिपरटोला,
२४ नोव्हेंबर २०२४

दुर्गेश,

माय काल तुझ्या आवारात आली होती. तू पाहिलंस. दारात आलास, तिला संडासाच्या टाकीजवळ उभं पाहिलंस आणि पुन्हा आत गेलास. मी तारेच्या अलीकडे होते, मला तुझी पाठ दिसली.

आधी मी तिला बाच्या दगडाजवळ नेलं होतं. तोच, ज्यावर दर दिवाळीला आपण शेंदूर लावतो आणि मोहाची धार सोडतो. माय दगडाकडे पाहत राहिली, मग आजूबाजूला पाहिलं, आणि म्हणाली, "तुजा बा इथं नाई."

मला वाटलं वयाने भ्रमली. भ्रमली नव्हती. तुला आठवतं, रस्त्याच्या कामाला मशीन आलं तेव्हा त्याने सगळे दगड ढकलून एका बाजूला ढीग केला होता. सारा टोला धावत गेला. प्रत्येकाने आपापल्या घरचा दगड ओळखला, डोक्यावर घेतला, आणि उरलेल्या पट्टीत नेऊन एका ओळीत उभा केला. तू आणि मी बाचा आणला. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता आपल्याला की आपल्या पितरांचा एकही दगड आपण हरवू दिला नाही. दगडाखालचा माणूस मागेच राहिला हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. आपण सगळे शहाणे गेली कित्येक वर्षं रिकाम्या जमिनीला दारू पाजतो आहोत. कोणाचा दगड कोणाच्या छातीवर उभा आहे देव जाणे, म्हणूनच काकांच्या वेळी जिथे खोदावं तिथे भलताच निघत होता. मला हसू आलं.

मायला मात्र जागा पक्की ठाऊक. बाला पुरलं तेव्हा पाय मोहाच्या झाडाकडे होते आणि डोकं दक्षिणेला. तिने मान वर केली, मोहाचं झाड शोधलं आणि चालायला लागली. ते झाड आता तुझ्या आवारात आहे. तू त्याला लाल-हिरव्या लाइटच्या माळा गुंडाळल्या आहेस. तारेत जिथे फट आहे तिथून ती वाकून आत गेली. मला येता आलं नाही. येता आलं असतं, आले नाही.

झाडाला हात लावून ती दक्षिणेकडे हळूहळू चालली आणि थेट तुझ्या टाकीच्या झाकणाजवळ थांबली. झाकणाच्या फटीतून काळं पाणी पाझरत होतं आणि त्याचा ओघळ तारेखालून आमच्याकडे, दगडांच्या ओळीपर्यंत येतो, हे मला आधीच माहीत होतं. तिच्या शेजारी एक ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून मुतत होता. म्हातारी बाई उभी आहे म्हणून तो थांबला नाही. माय तशीच उभी, हात जोडून, तिथे.

मग तुझी खुशबू धावत आली. "अम्माजी, उधर मत जाइए, उधर गंदा है." गोंदियाहून तू लग्न करून आणलेली पोरगी, तिला काय ठाऊक. तिने खुर्ची आणली, चहा आणला, मायचे पाय पाहून गरम पाण्याचा टब आणू का म्हणाली. मी तिला दोष देत नाही. माय खुर्चीवर बसून चहा प्यायली. बापाच्या छातीवर "शुद्ध शाकाहारी" अशी पाटी लावून धंदा करणाऱ्याच्या हातचा चहा तिने बशीत ओतून, फुंकर मारून, पूर्ण प्यायला.

घरी आल्यावर तिने एकच विचारलं, "त्या टाकीसाठी लई खोल खोदलं असन का व?"

मीही तेच विचारते. खोदताना काय निघालं? एका ओळीत उत्तर दे. तिला काय सांगायचं ते मग मी ठरवेन.

चंचल


पिपरटोला,
१५ डिसेंबर २०२४

दुर्गेश,

उत्तर म्हणून तू गुलाबजामचा डबा पाठवलास. केशोराव डबा पुढे करून म्हणाला, "तुमच्या भावानं सांगितलं, हड्डी-बिड्डी काई निघाली नाई, बाईले म्हणा डोकं नको खाऊ." बिचाऱ्याला ते बोलताना लाज वाटत होती. डबा मी बाहेर फेकणार होते, पण मायने हातातून घेतला. "पोरानं पाठवले," म्हणाली, आणि दोन खाल्ले. तिला साखर बंद आहे. पाक हनुवटीवरून ओघळला तो मी पुसला.

आता ऐक. या आठवड्यात ग्रामपंचायतीने अंगणवाडीमागे शोषखड्डा घ्यायला जेसीबी पाठवली. चालवणारा कैलाश, आमगावचा. चहा प्यायला ओट्यावर बसला आणि तुझ्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला की तिथली टाकीही आपणच खोदली आहे. मी तुझी बहीण आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं, काही निघालं होतं का? तो म्हणाला, "बाई, मरघटात जेसीबी लावली त काय आंबे निघतीन? निघालीच न हाडं."

मी आणखी एक कप चहा दिला. म्हटलं, मग काय केलं त्यांचं? तो सांगत गेला. मालक स्वतः उभा होता. पहिली कवटी निघाली तेव्हा मशीन बंद करायला लावली. मग एका बकेटमध्ये लोखंडाची पट्टी आली, बोटाएवढी रुंद, स्क्रूसकट. मालकाने ती उचलली, बाटलीतल्या पाण्याने धुतली, उलटीपालटी करून पाहिली. बराच वेळ पाहिली म्हणे. मग खिशात टाकली आणि म्हणाला, "चालू कर."

बा तेंदूपत्त्याच्या गाडीवरून पडला होता आणि नागपूरला त्याच्या मांडीत पट्टी टाकली होती, हे टोल्यातल्या पोरासोरांना ठाऊक आहे. थंडीत ती ठणकायची म्हणून तू त्याची मांडी शेकायचास. तूच, दुर्गेश. मी नाही. तुझ्याएवढी ती मांडी कोणाला ओळखीची नव्हती.

आणि बाकीचं? कैलाशला विचारलं तर तो सहज म्हणाला, "समोरच्या मैदानात ट्रक फसून राहिले होते न, थे सारं मुरमासंग तिकडं पसरवलं. वरून रोलर मारला. एकदम पक्कं झालं."

चहाचा कप माझ्या हातात होता तो मी जमिनीवर ठेवला आणि मागे जाऊन ओकले. अंगणवाडीतली पोरं टाळ्या वाजवून गाणं म्हणत होती. मी तोंड धुतलं आणि त्यांना खिचडी वाढली.

बाहेर कोणाला मी हे बोललेले नाही. पोलिसात गेले तर उद्या सगळा जिल्हा आपल्या बापाचे तुकडे मोजत बसेल. मायला मी सांगितलं की कैलाश भेटला होता, टाकी बाजूला आहे, बा मोहाच्या मुळांशी जसाचा तसा आहे. ती "बरं" म्हणाली. खोटं मी सांगितलं, पण त्याची घाण तुझी आहे. तुझ्या ढाब्यावरून येणारा वारासुद्धा मला नको वाटतो. फिनाइल, डिझेल, कांदा, आणि त्याखाली काय आहे ते आता मला ठाऊक आहे. दिवसातून दोनदा आंघोळ करते तरी अंगाला लागल्यासारखं वाटतं.

तिचे पाय आता चालत नाहीत. तिला जागा हवी आहे, दुर्गेश. बाच्या जवळची. एवढं एकच तिने मागितलं आहे जन्मात. ती कुठून द्यायची ते तू सांग.

चंचल


पिपरटोला,
१९ जानेवारी २०२५

दुर्गेश,

तू जिंकलास. जेवायला बस आणि वाच.

मायने काल स्वतः पंचांना अंगणात बोलावलं. मला वाटलं बाच्या जागेचं काढते की काय. ती खाटेवर उठून बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "मले मातीत नोका देऊ. मले जाळा."

आपल्या घराण्यात कोणाला जाळलं आहे? आजाला नाही, पणज्याला नाही. देवीने गेलेल्यालासुद्धा मातीच दिली. मला वाटलं पंच ओरडतील, म्हातारीला समजावतील. कोणी ओरडलं नाही. भुपेंद्र मामांनी जो सुस्कारा सोडला तो मी ऐकला, पाठीवरचं पोतं उतरल्यावर सोडतात तसा. ओमेश सरपंच तर खुलला. "काकी, तुमी मोठं काम केलं. शेड बांधून ठेवलं, टिना गंजून राहिल्या, पन आपल्या टोल्यातून एक मयत नाई आली. तुमच्यापासून सुरुवात झाली त बाकीचेबी येतीन. जागेचा टंटाच मिटला." मग त्याने मोबाईल काढून मायचा फोटो घेतला. ग्रुपवर टाकायला. मेलेल्या माणसाचा फोटो काढतात हे ऐकलं होतं, जाळून घ्यायला कबूल झालेल्या जिवंत बाईचा काढतात हे काल पाहिलं. माय फोटोला हसली.

ते गेल्यावर मी तिला धरलं. काऊन, म्हटलं, कायले असं बोललीस? आधी सांगेना. मग उशीखालून फडक्यात बांधलेलं काढलं आणि माझ्या हातात दिलं. पट्टी. स्क्रूसकट.

"दुर्गेश आलता. तू पोरायपाशी गेलतीस तवा," ती म्हणाली. "पायावर डोकं ठेवून लई रडला. मले म्हणते, माय, मले माहीत नव्हतं, आन् माहीत झालं तवा मशीन चालू होती. कर्ज काढून उभं केलं म्हणते. आता खोदा-खोदी झाली त समदं जाईन म्हणते. त्याच्या पोटावर कसा पाय देऊ व मी? तुज्या बानंबी नसता देला."

म्हणजे तू आलास. माझ्या घरी, मी नसताना, हिशेबाने वेळ बघून. जी ओरडली असती तिच्यासमोर नाही आलास, जी माफ करेल तिच्याकडे गेलास. आणि मरायला टेकलेल्या बाईच्या हातात तिच्या नवऱ्याचं लोखंड ठेवून तिच्याकडून तिची जागा मागून घेतलीस. तू शब्दाने मागितली नसशील. तू फक्त रडलास. तुला लहानपणापासून ते जमतं.

मला तुझी किळस येते. त्या पंचांची येते, सुस्कारे टाकणाऱ्या. आणि खरं सांगू, काल मला मायचीही आली. इतकं प्रेम माणसाने करू नये. ते प्रेम नव्हे, ते पायपुसणं आहे. मी तिला तसं तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "तुले लेकरू नाई, तुले नाई समजत." मग रागाने मी पाणी भरायला निघून गेले.

आज सकाळी तिच्या पायांना तेल लावत होते. बोटांनी दाबलं की खड्डा पडतो आणि तो भरून येत नाही. मग एकदम, अगदी हळू, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये तसं विचारलं, "चंचल, जाळलं त लागते का व?"

मी नाही म्हटलं. म्हटलं, जीव गेल्यावर काही लागत नाही.

ती म्हणाली, "मोहाच्या भट्टीवर माजं बोट पोळलं होतं, तवा त लई लागलं होतं." आणि ते बोट वर करून मला दाखवलं, अजून नखाजवळ डाग आहे. दाखवून तिने ते पदरात लपवलं, लहान पोरीसारखं.

मला पुढे तेल लावता आलं नाही. तिला भीती वाटते आहे, दुर्गेश. दिवसभर चुलीकडे पाठ करून बसते. तू तिच्याकडून एवढं घेतलंस, तर आता एक कर. ये आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तू दे. मी घरी असेन, पण तुला काही बोलणार नाही. तिला सांग की लागत नाही. किंवा सांग की जाळणार नाही. दोन्हींपैकी जे तुझ्या तोंडातून निघेल ते.

चंचल


पिपरटोला,
११ फेब्रुवारी २०२५

दुर्गेश,

माय गेली. सकाळी पेज पीत होती, वाटी हातातून खाली आली, झालं. केशोरावला मी अजून निरोप द्यायला सांगितलेला नाही, हे पत्रच निरोप आहे. तो सायकल धरून दारात उभा आहे.

तू आला नाहीस. ती रोज दाराकडे पाहायची आणि मी रोज तिला सांगायचे की ढाब्यावर गर्दी असेल. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. पण काल संध्याकाळी शेकायला आणलेली शेगडी तिने पायाने दूर लोटली.

भुपेंद्र मामांनी लाकडांसाठी ट्रॅक्टर पाठवला होता. ओमेश शेड झाडून घेतो आहे, तोरण लावतो की काय देव जाणे. मी ट्रॅक्टर अंगणातून परत पाठवला. मामा भडकले. "म्हातारीनं पाच मानसांत शब्द देला. तू पोरगी, तुजा अधिकार नाई. पोराले विचार." म्हणून हे लिहायला बसले. पण विचारत नाही, कळवते आहे.

मी तिचं ऐकणार नाही. तिने ते स्वतःसाठी मागितलं नव्हतं, तुझ्यासाठी मागितलं होतं, आणि तुला देण्यासारखं आता तिच्याकडे काही उरलेलं नाही. मी तिला आंघोळ घातली, हळद लावली, ते पोळलेलं बोट तेलाने पुसलं. ती मातीत जाईल.

कैलाशने सांगितलेलं मी आज सगळ्यांसमोर बोलले. तुझ्या टाकीचं, मुरमाचं, रोलरचं. मग निर्मलाबाई उठली. तिचा नवरा बाच्या बाजूला होता, आठवतं? चंदा उठली, तिची सासू त्याच ओळीत होती. दगड इकडे आणि माणसं तुझ्या आवारात, हे एकेकीच्या ध्यानात येत गेलं तशा बाया उठत गेल्या. खाट त्या उचलणार आहेत. पुरुषांपैकी कोणाला यायचं असेल तर मागून येतील, नाही तर पंच बसून ठरवतील यायचं की नाही. मरघटातली ओळ भरलेली आहे, तिथे आम्ही जाणार नाही. आम्ही तुझ्या फाटकातून येणार आहोत. ढाब्यात पाय ठेवणार नाही म्हणाले होते, तो शब्द आज मोडते.

तेव्हा उगाच कोणाला जेवायला बसवू नकोस. खुशबूला आत ने, तिने हे पाहू नये. फोन करून पोलीस बोलवायचे असतील तर बोलव, पण कशावर ढाबा आहे ते तुला आधी त्यांना सांगावं लागेल.

पहिली कुदळ मुलाने मारायची असते. ती तू मारायचीस. नाही मारलीस तर मी मारेन, पण तू तिथे उभं राहायचंस, गल्ल्यावर नाही.

कुठे खोदायचं म्हणून चंदाने विचारलं. बाची जागा तर टाकीने खाल्ली, म्हणाली, मग काकीला त्याच्याजवळ कसं ठेवणार? मी सांगितलं, ट्रक उभे राहतात त्या मैदानात कुठेही खोदा. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, मधोमध. बा तिथे सगळीकडे आहे. कुठेही ठेवली तरी माय त्याच्याजवळच पडेल, एवढी सोय तू करून ठेवली आहेस.

खाट उचलली आहे. ट्रक हलव.

चंचल